चौथा दशांश: प्रयोगशाळेतल्या बॅलन्सला काय काय जाणवतं

"मॅडम, बॅलन्स बिघडलाय. आकडा थांबतच नाहीये."

औषधं तपासणाऱ्या लॅबमध्ये मी कितीतरी वर्षं काढली, आणि हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी कानावर पडायचं. उठून बघायला जावं तर बहुतेक वेळा बॅलन्स, म्हणजे लॅबमधला नाजूक वजनकाटा, ठणठणीत असायचा. कधी क्रुसिबल, म्हणजे नमुना तापवायची छोटी वाटी, ओव्हनमधून काढून जेमतेम पाच मिनिटं झालेली असायची, कधी एसीचा झोत थेट टेबलावर येत असायचा, तर कधी जानेवारीच्या कोरड्या हवेत वेइंग बोट, म्हणजे पावडर तोलायची प्लास्टिकची छोटी होडी, विजेने भारलेली असायची. बॅलन्सला जे जाणवत होतं ते तो खरं खरं सांगत होता. त्याला काय काय जाणवतं हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि गोंधळ तिथे होतो.

आधी तो किती बारीक मोजतो ते बघू. लॅबमध्ये ज्याला अ‍ॅनॅलिटिकल बॅलन्स म्हणतात, तो साधारण २०० ग्रॅमपर्यंत वजन घेतो आणि ०.०००१ ग्रॅम, म्हणजे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. आपल्याकडे सराफाच्या ताजव्यात गुंज चालायची, ती लाल बी, टोकाला काळा ठिपका असलेली. तोळा ११.६६ ग्रॅमचा, तोळ्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा. म्हणजे एक गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची. चार दशांशांचा बॅलन्स त्या एका गुंजेचे बाराशे भाग वेगळे ओळखतो, आणि तेही पॅनवर, म्हणजे वस्तू ठेवायच्या ताटलीवर, आधीच शंभर ग्रॅमचा फ्लास्क बसलेला असताना.

हे कसं जमतं? जुन्या केमिकल बॅलन्सवर ज्यांनी प्रॅक्टिकल केलं त्यांना ती काचेची पेटी आठवत असेल. मध्ये दांडी, ती अकीकाच्या धारेवर टेकलेली, दोन बाजूंना दोन पारडी, वजनपेटी, चिमटा आणि दांडीवर सरकवायचा इवलासा रायडर, म्हणजे तारेचं बारीक वजन. तिथे वस्तुमानाची तुलना थेट दुसऱ्या वस्तुमानाशी व्हायची. आजच्या इलेक्ट्रॉनिक बॅलन्समध्ये दुसरं पारडंच नाही. पॅनला जोडलेली तारेची कॉइल एका चुंबकाच्या पोकळीत असते. पॅनवर वस्तू ठेवली की पॅन किंचित खाली जायला बघतो. ते प्रकाशाच्या सेन्सरला लगेच कळतं, आणि पॅन मूळ जागी येईपर्यंत कॉइलमधला वीजप्रवाह वाढवला जातो. मग पॅन तिथे धरून ठेवायला किती प्रवाह लागला, ते मोजून त्याचे ग्रॅम केले जातात.

थोडक्यात, बॅलन्सला ग्रॅम दिसत नाहीत. त्याला फक्त जोर कळतो, खाली ओढणारा किंवा वर उचलणारा. तो जोर पावडरच्या वजनाचा आहे, गरम हवेचा आहे की विजेचा, हे ओळखायचा कुठलाच मार्ग त्याच्याकडे नाही. पुढचं सगळं यातूनच निघतं.

गुरुत्वाकर्षणापासून सुरुवात करू, कारण त्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्तापाशी ती ध्रुवांपेक्षा सुमारे अर्धा टक्का कमी भरते, आणि जमिनीपासून वर जावं तशी घटत जाते. एका मजल्याचा फरक किती पडणार, असं वाटेल. हिशोब करून बघू. दर मीटरला ओढ साधारण एक कोटीत तीन भाग कमी होते. चार मीटर उंचीचा एक मजला चढलं की २०० ग्रॅमच्या वजनावर हा फरक पाव मिलिग्रॅमचा होतो. म्हणजे तळमजल्यावर जुळवलेला बॅलन्स पहिल्या मजल्यावर नेला आणि तसाच वापरला, तर शेवटचा अंक दोन-तीन घरांनी चुकणार. मुंबईत जुळवून महाबळेश्वरला नेला तर चूक पन्नास मिलिग्रॅमच्याही वर जाईल. दोन पारड्यांच्या तराजूला ही अडचण नव्हती, कारण ओढ दोन्हीकडे सारखीच कमी व्हायची. म्हणून इलेक्ट्रॉनिक बॅलन्स जागेवरून हलला, अगदी शेजारच्या खोलीत गेला, तरी लेव्हल बघून तो पुन्हा जुळवून घ्यायचा. लेव्हलचा बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध हवा. बॅलन्स कललेला असेल तर वजनाचा सगळा जोर सरळ खाली कॉइलवर येत नाही.

आता उष्णता. नव्या माणसाच्या सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

कोमट क्रुसिबल पॅनवर ठेवलं की त्याच्या भिंतीलगतची हवा तापते आणि वर चढते. चढता चढता ती क्रुसिबलला किंचित वर ओढते. शिवाय त्याच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम, म्हणून हलकी. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो आणि वजन कमी दिसतं. क्रुसिबल निवत जाईल तसा आकडा वर वर सरकत राहतो. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीचं उलट. तिच्याभोवतीची हवा गार होऊन खाली उतरते, बाटलीवर दव धरतं आणि वजन जास्त भरतं. हाताला गरम लागत नाही म्हणजे थंड झालं, असं समजू नका. दोन-तीन अंशांचा फरक बोटांना कळणार नाही, चौथ्या दशांशाला कळतो. क्रुसिबल डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवून निदान अर्धा तास थांबायचं आणि डेसिकेटर बॅलन्सच्याच खोलीत ठेवायचा. ओव्हनच्या खोलीत निवलेलं क्रुसिबल बॅलन्सच्या एसी खोलीत आणलं तर ते तिथल्या मानाने पुन्हा गरमच ठरतं.

आपला हातही गरमच असतो. काचेच्या दारातून हात आत घालून कप ठेवला की चेंबरमधली हवा ढवळते आणि तापते. म्हणून लांब चिमटा वापरायचा, दार गरजेपुरतंच उघडायचं आणि शक्यतो बाजूचं उघडायचं. चिमटा वापरायचं आणखी एक कारण आहे. बोटाचा एक ठसा म्हणजे मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकं तेल आणि घाम. चार दशांशांना ते कदाचित दिसणार नाही, पण पाच-सहा दशांशांच्या बॅलन्सवर स्पष्ट दिसतं.

बॅलन्स स्वतःसुद्धा तापतो. आतले चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक्स एका स्थिर तापमानाला यायला वेळ लागतो. तो अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत असू शकतो, आणि बॅलन्स जितका बारीक तितका वेळ जास्त. म्हणून तो रात्री बंद करायचा नसतो, स्टँडबायवर ठेवायचा. लाईट जाऊन आल्यावर स्क्रीन लगेच उजळते, शून्य दिसतं, आणि वाटतं की झालं, करा काम सुरू. पण आतलं तापमान अजून बसलेलं नसतं. जिथे वीज वारंवार जाते तिथे बॅलन्सला यूपीएस देण्याचा खर्च मला नेहमीच रास्त वाटत आलाय.

स्थिर विजेची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगते. एका जानेवारीत नुकताच एमएस्सी होऊन आलेला एक मुलगा असाच माझ्याकडे आला. प्लास्टिकच्या बोटमध्ये त्याने ५० मिलिग्रॅमच्या आसपास पावडर घेतली होती आणि आकडा कधी चार मिलिग्रॅम वर, कधी तीन खाली असा उड्या मारत होता. मी त्याला म्हटलं, "दार बंद ठेव, आणि आता नुसता हात काचेजवळ ने." हात जवळ गेला तसा आकडा हलला. हात मागे घेतला, पुन्हा हलला. कोणी कशालाही शिवलं नव्हतं. प्लास्टिकवर साचलेला विद्युतभार काच, भिंत, हात, जे जवळ येईल त्याच्याशी ओढाताण करत होता, आणि बॅलन्स त्या ओढाताणीचंही वजन करत होता. आम्ही तीच पावडर अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या कपात घेतली. आकडा पाच-सहा सेकंदांत स्थिर झाला.

हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली गेली की हा त्रास सुरू होतो. प्लास्टिक, कोरडी काच, बारीक कोरडी पावडर, सिंथेटिक हातमोजे, सगळ्यांवर भार साचतो. उपाय सोपे आहेत. धातूचं भांडं घ्या, खोलीची आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांमध्ये ठेवा, जमलं तर आयोनायझर, म्हणजे साचलेला विद्युतभार घालवणारं उपकरण, वापरा. कोकणात पावसाळ्यात विजेचा हा त्रास जवळजवळ नसतो, पण मग दुसरा सुरू होतो. ओल शोषणारी पावडर उघडी ठेवली की तिचं वजन डोळ्यांदेखत वाढतं. तिथे झाकणाची वेइंग बॉटल आणि चपळ हात हवेत.

यातूनच एक सवय लागली, जी मी प्रत्येक नव्या मुलामुलीला लावते. आकडा स्थिर नसेल तर तो कसा हलतोय ते आधी बघा. सावकाश एकाच दिशेने वर चढत असेल तर वस्तू ओल शोषतेय किंवा गरम असून निवतेय. सावकाश उतरत असेल तर काहीतरी उडून जातंय, किंवा गार वस्तू तापतेय. मागेपुढे डुलत असेल तर वारा किंवा हादरे. हात जवळ नेल्यावर उड्या मारत असेल तर वीज. आणि वस्तू पॅनवर फिरवून ठेवल्यावर वजन बदलत असेल तर चुंबक. हे शेवटचं हमखास घडतं ते मॅग्नेटिक स्टिररची पांढरी गोळी फ्लास्कमध्ये विसरल्यावर.

हादऱ्यांबद्दल फार सांगायला नको. जाड ग्रॅनाइटचा किंवा कडाप्प्याचा ठोकळा, भक्कम पायांवर, भिंतीला न टेकलेला, खोलीच्या कोपऱ्यात, दारापासून आणि खिडकीपासून लांब. त्याच टेबलावर सेंट्रिफ्यूज किंवा सोनिकेटर अशी हादरणारी यंत्रं नकोत.

हवेची उचल हा विषय बहुतेकांना पुस्तकी वाटतो. पाण्याचं वजन करेपर्यंत तो तसा वाटतोही. आर्किमिडीजचं तत्त्व हवेलाही लागू आहे. वस्तू जेवढी हवा बाजूला सारते, तेवढ्या हवेच्या वजनाइतकी ती हलकी भरते. एक घन सेंटिमीटर हवा साधारण १.२ मिलिग्रॅमची. १०० ग्रॅम पाणी शंभर घन सेंटिमीटर जागा व्यापतं, म्हणजे १२० मिलिग्रॅम हवा सारतं. बॅलन्स जुळवलाय पोलादी वजनाने. १०० ग्रॅम पोलाद साडेबारा घन सेंटिमीटरचं, ते फक्त १५ मिलिग्रॅम हवा सारतं. फरक १०५ मिलिग्रॅमचा. खरोखर १०० ग्रॅम पाणी ठेवलं तर बॅलन्स ९९.८९५ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. चार दशांशांच्या बॅलन्सवर ही चूक शेवटच्या अंकाची हजारपट आहे, आणि बॅलन्समध्ये काडीचाही दोष नाही. पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायची नळी, कॅलिब्रेट करताना वजनाला ज्या झेड फॅक्टरने गुणतात, त्यात ही दुरुस्ती आणि पाण्याची घनता दोन्ही असतात. २५ अंशांना तो १.००४० च्या घरात येतो. अनेकांनी तो वर्षानुवर्षं तक्त्यातून उचलून गुणलेला असतो, पण तो कुठून येतो ते कोणी सांगितलेलं नसतं. रोजच्या पावडरींमध्ये मात्र ही दुरुस्ती करत बसायची गरज पडत नाही. सॅम्पल आणि स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचा शुद्धता माहीत असलेला नमुना, एकाच पदार्थाचे असले की चूक दोन्हीकडे सारख्या प्रमाणात येते आणि भागाकारात निघून जाते.

आता किमान वजन. एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा, कारण इतर चुका डोळ्यांना दिसतात, ही दिसत नाही. आकडा छान स्थिर असतो, प्रिंटआऊट निघतं, सगळं नीट वाटतं, आणि तरी वजन भरवशाचं नसतं.

बॅलन्स ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो, म्हणून ५ मिलिग्रॅमही त्याच्यावर तोलता येतील, हा समज खोल रुजलेला आहे. पण तेच छोटं वजन दहा वेळा ठेवा-काढा, दहा आकडे तंतोतंत सारखे येणार नाहीत. ते थोडे विखुरतात. हा विखुरलेपणा प्रमाण विचलनाने मोजतात. औषधांच्या दर्जाचे नियम देणारी अमेरिकन फार्माकोपिया, म्हणजे यूएसपी, सांगते की दहा किंवा जास्त आकड्यांचं प्रमाण विचलन काढा, त्याची दुप्पट करा, आणि ती दुप्पट तुमच्या सर्वांत कमी निव्वळ वजनाच्या ०.१० टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये. विचलन खूपच कमी आलं, अगदी शून्य आलं, तरी ते शेवटच्या अंकाच्या ०.४१ पटीपेक्षा कमी धरायचं नाही.

गणित करून बघा. शेवटचा अंक ०.१ मिलिग्रॅमचा. त्याची ०.४१ पट म्हणजे ०.०४१. दुप्पट ०.०८२. हा ०.१ टक्का व्हायचा तर वजन हवं ८२ मिलिग्रॅम. म्हणजे चार दशांशांचा बॅलन्स कितीही उत्तम असो, या नियमाने त्याच्यावर ८२ मिलिग्रॅमच्या खाली जाता येत नाही. प्रत्यक्षात खोलीतला वारा, हादरे, माणसाचा हात हे सगळं धरून मर्यादा आणखी वर जाते. पाच दशांशांच्या बॅलन्सला हाच आकडा ८.२ मिलिग्रॅम येतो, सहा दशांशांच्या बॅलन्सला ०.८२.

इथे एक प्रश्न हमखास येतो, "पण मॅडम, फ्लास्कच ६० ग्रॅमचा आहे, मग किमान वजन तर कधीच ओलांडलं." नाही. फ्लास्क टेअर केला, म्हणजे तो ठेवून आकडा शून्यावर आणला, की तो हिशोबातून जातो. अट निव्वळ सॅम्पलला आहे. आकड्यांचा विखुरलेपणा पावडरच्या वजनात उतरतो, आणि पावडर जेवढी कमी तेवढा त्याचा टक्का मोठा. १० मिलिग्रॅम महागडं स्टँडर्ड चार दशांशांच्या बॅलन्सवर तोलून पैसे वाचवणारे मी पाहिलेत. त्यातून येणारी अनिश्चितता पुढे प्रत्येक गोळीच्या निकालात जाते, आणि ती गोळी कोणीतरी आजारी माणूस घेणार असतो. स्टँडर्ड कमीच असेल तर जास्त दशांशांचा बॅलन्स वापरा. ते शक्य नसेल तर जास्त वजन घ्या आणि द्रावण पातळ करा.

तपासणीबद्दल बोलताना दोन शब्दांची गल्लत होते. कॅलिब्रेशन म्हणजे बॅलन्स किती चुकतोय हे माहीत असलेल्या वजनाने मोजून नोंदवणं. अ‍ॅडजस्टमेंट म्हणजे ती चूक काढून टाकणं. बटण दाबल्यावर आतली मोटर वजन उचलून ठेवते आणि बॅलन्स स्वतःला जुळवतो, ती अ‍ॅडजस्टमेंट. ती रोज होऊ द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. आतलं वजन आतच असतं, त्याला बाहेरून कोणी पडताळत नाही. म्हणून बाहेरचं चेक वेट हवं, आणि ते अचूकतेच्या योग्य वर्गाचं. २०० ग्रॅमच्या वजनाला ई-२ वर्गात ०.३ मिलिग्रॅमची चूक चालते, एफ-१ मध्ये १ मिलिग्रॅम आणि एम-१ मध्ये तब्बल १० मिलिग्रॅम. एम-१ वजनाने चार दशांशांचा बॅलन्स तपासला तर त्या तपासणीला अर्थ उरत नाही. अधूनमधून तेच वजन पॅनच्या चार कडांना ठेवूनही बघावं. आकडा कोपऱ्यागणिक बदलत असेल तर पॅनखालचा आधार बिघडलाय, आणि तिथे खरोखर सर्व्हिस इंजिनियरला बोलवायची वेळ आली.

या वजनांची साखळी देशात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिथे प्लॅटिनम-इरिडियमचा ५७ क्रमांकाचा प्रमाण किलोग्रॅम आहे. २० मे २०१९ पासून मात्र किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून राहिली नाही, ती प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या संख्येवर, गेली. आणि ती प्रत्यक्षात उतरवणारं एक यंत्र, किबल बॅलन्स, मुळात आपल्या टेबलावरच्या बॅलन्ससारखंच चालतं. चुंबकीय क्षेत्रात कॉइल, आणि वजन पेलायला लागणारा प्रवाह. ब्रायन किबल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये ही कल्पना मांडली. तिथेही यंत्राच्या जागेवरचं गुरुत्वाकर्षण वेगळं, अतिशय बारकाईने मोजावंच लागतं. मला हे फार सुंदर वाटतं.

सफाईकडे येते. पॅनवर पावडर सांडली की पहिली ऊर्मी फुंकर मारायची होते. ती मारू नका. फुंकरीने पावडर पॅनखालच्या फटीतून थेट यंत्रणेत जाते, आणि तिथून ती काढणं आपल्या हातात नाही. दाबाची हवाही नको. पॅन वर उचलून बाहेर घ्या, चेंबरमधली पावडर मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने ओढा, मग धागे न सोडणारा, किंचित ओलसर कपडा फिरवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल लागलंच तर कपड्यावर घ्या, बॅलन्सवर शिंपडू नका. पॅन धुतला तर पूर्ण कोरडा करून, खोलीच्या तापमानाला आल्यावरच बसवा. बसवताना वरून दाबू नका. बॅलन्स उचलायचा झाला तर पॅन काढून, खालच्या बैठकीला दोन्ही हातांनी धरून, काचेच्या पेटीला धरून कधीच नाही. सिलिका जेलची पुडी चेंबरमध्ये ठेवायची जुनी पद्धत कुठे कुठे अजून दिसते. ती मी बंद करायला सांगते. आत हवा कोरडी, बाहेर दमट, आणि दार उघडलं की दोन्ही मिसळून आकडा सरकतो. शिवाय कोरड्या हवेत वीज साचते.

लॉगबुक बहुतेक ठिकाणी सही करून मिटण्यापुरतं उघडलं जातं. एकदा मी तीन महिन्यांचे चेक वेटचे आकडे एका कागदावर ओळीने मांडले. सगळे मर्यादेत होते, एकही फेल नव्हता. पण दर सहावा आकडा इतरांपेक्षा तीन-चार अंकांनी बाजूला होता. तारखा पाहिल्या तर सगळे सोमवार. शनिवारी संध्याकाळी खोलीचा एसी बंद व्हायचा, सोमवारी नऊला लागायचा, आणि साडेनऊला तपासणी व्हायची. बॅलन्स दीड दिवस तापलेला, खोली नुकती गार होत असलेली. एसी रविवारीही चालू ठेवायची परवानगी मिळायला चार महिने लागले. तोवर सोमवारची तपासणी आम्ही दुपारी एक वाजता केली, आणि तोपर्यंत त्या बॅलन्सवर कोणी काही तोललं नाही.